विहिरीचं गाणं

लिपोवोच्या लोकांना स्तामेंकाचा चेहरा ओळखायला वेळ लागे, आवाज ओळखायला नाही. बाजारात तिनं कोबीचा भाव विचारला की पलीकडच्या गाड्यावरची बाई मान वळवून बघे. दवाखान्यात तिनं नुसतं "आत कोण गेलंय?" म्हटलं की रांगेतले तिला पुढं सोडत. एकतीस वर्षं गावाच्या रेडिओवर बोलून तिनं कमावलेलं काय, तर हे. नवरा रेल्वेत होता, तो लवकर गेला. मूलबाळ नाही. मोरावा नदीकाठी दोन खोल्या, दारात मिरचीचे चार वाफे आणि हा आवाज, एवढाच काय तो संसार.

रविवारी दुपारी बारा ते दोन 'निरोप आणि गाणी' असायचं. त्या वेळी लिपोवोत आणि आसपासच्या सोळा गावांत सूप ताटात पडलेलं असे आणि रेडिओ चालू असे. आठवडाभर लोक रेडिओच्या खिडकीपाशी येऊन स्तामेंकाच्या हातात चिठ्ठ्या देत. नातू झाला, पोरगा फौजेत निघाला, घराला छप्पर चढलं, मामाला पेन्शन लागली, आणि खाली गाण्याचं नाव. रविवारी ती त्या वाचायची. तिचा एकच नियम होता, जसं लिहिलंय तसं वाचायचं. शब्द गाळायचा नाही, वाढवायचा नाही. ती म्हणायची, "लोक चर्चमध्ये मेणबत्ती लावतात तशी चिठ्ठी देतात. मेणबत्ती वाकडी आहे म्हणून पाद्री विझवतो का?"

आणि गावाचाही एक नियम होता. निरोप आला की पुढच्या रविवारच्या आत उलटा निरोप गेलाच पाहिजे. ज्याच्या निरोपाला उत्तर आलं नाही, त्यानं भिंतीला निरोप दिला म्हणत, आणि त्याच्याकडे लोक कीव करून बघत. त्यामुळे आपलं उत्तर नसलं तरी कुणी शेजारी, कुणी लांबची आत्या पदरमोड करून उत्तर पाठवी. गावाला त्याचा फार अभिमान होता. आमच्याकडे कुणाला भिंतीशी बोलायची पाळी येऊ देत नाहीत, असं सांगत.

सगळ्यात जास्त मागणी 'विहीर' या गाण्याला. अकॉर्डियन असं की म्हाताऱ्यांचेही पाय हलावेत. लग्नात वऱ्हाड गोल धरून नाचे आणि कडवं आलं की सगळे एका सुरात ओरडत:

"गोरे, तुझ्या दारची विहीर
मला नाही तर कुणाला नाही,
दगड टाकीन, माती टाकीन,
वर उभा राहून गात राहीन."

शब्दांकडे कोण बघतो? एकदा शाळेतल्या एका नव्या मास्तरणीनं रेडिओला पत्र लिहिलं. पोरं मधल्या सुट्टीत एका पोरीला मध्ये उभी करून तिच्यावर माती टाकतात आणि हे गाणं म्हणतात, तेव्हा हे गाणं लावणं थांबवा. संपादक ओब्रादनं ते पत्र सकाळच्या कॉफीला सगळ्यांना वाचून दाखवलं. "उद्या म्हणेल, दारूची गाणी बंद करा. मग आपण काय, शेळ्यांचं बेंबें लावायचं?" लोक खो खो हसले. स्तामेंका सगळ्यांत जास्त हसली. हे तिला पुढं फार आठवलं.

रातोमिर पहिल्यांदा आला तो एका बुधवारी, मार्चमध्ये. बेकरीची गाडी चालवायचा. पांढरा डगला, नीट विंचरलेले केस, हातात कागदात गुंडाळलेला गरम पाव. "मावशी, हा तुमच्यासाठी," म्हणाला. मग चिठ्ठी पुढं केली. अक्षर सुरेख, शाळेतल्या फळ्यासारखं.

"माझ्या यागोदाला, जिथं असेल तिथं. तिचा रातोमिर. गाणं: विहीर."

"बायको?" स्तामेंकानं विचारलं.

"निघून गेली, मावशी. जानेवारीत. का ते मला ठाऊक नाही." आणि त्याचे डोळे भरून आले. खोटं नव्हतं ते पाणी. तेच तर वाईट.

रविवारी स्तामेंकानं चिठ्ठी वाचली. दुसऱ्या रविवारी: "यागोदा, तुझा कप अजून खिळ्याला आहे." तिसऱ्या रविवारी: "यागोदा, तू लावलेला लसूण उगवला." आणि दर वेळी खाली तेच गाणं. अख्खं खोरं हळहळलं. खाटकाची बायको खिडकीपाशी येऊन म्हणाली, "बघा, याला म्हणतात नवरा! आमचा माझ्या वाढदिवसाला डुकराचं मुंडकं घेऊन येतो, आणि ते मीच साफ करायचं." स्तामेंकालाही वाटायचं, आपल्यासाठी आयुष्यात कुणी एक गाणं मागितलं नाही. ती त्याची चिठ्ठी जरा सावकाश वाचायला लागली. शब्द बदलायचे नाहीत, पण आवाज तर आपला आहे. तो ती त्याला उसना देत होती.

यागोदाकडून उत्तर येईना. महिना झाला. रातोमिर भिंतीशी बोलतोय, हे लोकांना बघवेना.

एप्रिलच्या शेवटी टपालानं चिठ्ठी आली, नदीपलीकडच्या व्रबिकहून, इकोनिया नावाच्या म्हातारीची. स्तामेंकानं रविवारी ती हातात घेतली तेव्हाच तिचा ऊर भरून आला होता. तिनं वाचलं:

"रातोमिर बाळा, रडू नको. तुझी यागोदा आमच्या व्रबिकात आहे. पेर्सिदाच्या शिलाईच्या दुकानात काज-बटणं करते, वरच्या खोलीत राहते. वाळलीय, पण बरी आहे. झालं गेलं विसरा नि एक व्हा. इकोनिया आजी. गाणं: विहीर."

काचेपलीकडे ध्वनीयंत्रावर बसलेला लाझार, साठीचा माणूस, बाहीनं डोळे पुसत होता. कार्यक्रम संपल्यावर ओब्राद राकियाची बाटली घेऊन आला. "स्तामेंका, आज आपण एक घर जोडलं," म्हणाला. तिनं दोन पेले घेतले. ती कधी एकाच्या वर घेत नसे.

मंगळवारी खिडकीपाशी एक अनोळखी बाई आली. धिप्पाड, गळ्यात मोजपट्टी तशीच लटकलेली. चिठ्ठी दिली नाही. म्हणाली, "मी पेर्सिदा. व्रबिकची. तुम्हीच का त्या?"

"मीच," स्तामेंका हसून म्हणाली. "कशी आहे पोरगी? भेटले का दोघं?"

पेर्सिदानं तिच्याकडे असं बघितलं की स्तामेंकानं खुर्ची मागं सरकवली.

"बाई, तुमच्या डोक्यावर परिणाम झालाय का हो?" पेर्सिदा म्हणाली. "तिची बोटं बघितलीत? त्यानं मोडली, दोन वाकडी जुळलीयेत. आणि हे तुमचं गाणं. जानेवारीत त्यानं तिला अंगणातल्या विहिरीच्या कठड्यावर बसवलं, पाय आत सोडून. टेप लावला. गाणं संपेपर्यंत दंडाला धरून ठेवलं, सोबत म्हणत होता. मग खाली उतरवलं, कपाळाचा पापा घेतला आणि म्हणाला, जेवायला वाढ. किती मिनिटांचं आहे हो ते गाणं? तुम्हाला माहीत असेल."

साडेतीन मिनिटांचं. स्तामेंकाला माहीत होतं.

"काल तो आला," पेर्सिदा पुढं म्हणाली. "समोर गाडी लावली. ओरडला नाही, काही नाही. दिवसभर गाडीत बसून तेच गाणं. पोलिसाला सांगितलं, तर म्हणाला, रस्त्यावर गाणं ऐकतोय, त्यात मी काय लिहू? संध्याकाळी दुकानात आला. मी सांगितलं, ती कालच निघून गेली, कुठं ते ठाऊक नाही. बरं म्हणाला. पांढऱ्या दोऱ्याचं एक रीळ घेतलं आणि गेला. त्याला शंका आहे. पोरगी वरच आहे, कपाटामागं. माझा चुलतभाऊ तिला नोवी साद शहरात न्यायला येतोय, पण दहा दिवसांनी. दहा दिवस हवेत मला."

"मी काय करू?" स्तामेंका म्हणाली. एकतीस वर्षांत हा प्रश्न तिनं खिडकीतून कुणाला विचारला नव्हता.

"तुम्हीच पत्ता दिलात, तुम्हीच काढून घ्या. तुमच्यावर सगळे विश्वास ठेवतात."

जाताना पेर्सिदा म्हणाली, "तिच्याकडे रेडिओ नाही. पण शेजारच्या तिन्ही घरांत आहे. दर रविवारी भिंतीतून तुम्ही येता. तुमचा आवाज आला की ती शिवणयंत्राखाली जाऊन बसते. मला वाटायचं, वेडी आहे. मग समजलं."

स्तामेंका आधी ओब्रादकडे गेली. ते गाणं काढून टाक म्हणाली. त्यानं चष्मा कपाळावर चढवला. "या रविवारी नऊ जणांनी मागितलंय, त्यात दोन लग्नं. त्यांना काय सांगू? गाणं म्हणजे पोलिसचौकीत दिलेला जबाब आहे का? नवराबायकोच्या भांडणात हात घालू नकोस. हात दाखवून अवलक्षण होईल." वाईट माणूस नव्हता तो. त्याच्या लेकीच्या लग्नात हेच गाणं दोनदा वाजलं होतं, आणि त्याला खरोखर काही ऐकू आलं नव्हतं.

मग तिनं स्वतःच्या हातानं चिठ्ठी लिहिली. खोटी, आयुष्यातली पहिली. ती चार रात्री तिच्या उशीखाली होती, आणि तिनं ती इतक्या वेळा घोकली की झोपेतही म्हणता आली असती. रविवारी बाराला लाल दिवा लागला. तिनं एका नातवाचा वाढदिवस वाचला, एका छपराचा निरोप वाचला, मग ती चिठ्ठी वाचली.

"सर्व ओळखीच्यांना यागोदाचा नमस्कार. मी कामासाठी ऑस्ट्रियाला जात आहे. मला शोधू नका."

खाली गाणं नव्हतं. तिनं लाझारला खूण केली, त्यानं एक साधं वाद्यसंगीत लावलं. स्तामेंकाचा आवाज नेहमीसारखा उतरला होता. निदान तिला तसं वाटलं.

सोमवारी सकाळी नऊ वाजता रातोमिर आला. तो नेहमी बुधवारी यायचा.

त्यानं पाव काउंटरवर ठेवला. "मावशी, माझी आई मला तुमच्या आवाजावर भरवायची," तो म्हणाला. "तुम्ही म्हणायच्या, आता पुढचा निरोप, की एक घास. मी सात वर्षांचा होतो तेव्हापासून तुम्हाला ऐकतोय."

"हो का," स्तामेंका म्हणाली.

"तुम्ही कधी मध्येच श्वास घेत नाही. वाक्य संपलं की घेता. काल 'ऑस्ट्रिया'च्या आधी घेतलात." तो रागावलेला नव्हता. एखाद्या पोराची वहीतली चूक दाखवावी तसं बोलत होता. "मी आईला म्हटलं, ऐक, मावशी आज खोटं बोलली. आई म्हणाली, शक्य नाही. पण मी बरोबर आहे ना?"

तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. तेवढं त्याला पुरलं.

"या आठवड्यात चिठ्ठी नाही," तो म्हणाला. "पाव वाटून झाले की मीच जाऊन सांगतो तिला."

गाडी पुलाच्या दिशेला लागलेली तिनं खिडकीतून बघितली. व्रबिकला पोचायच्या आधी त्याला तीन गावं होती. रातोमिरचा पाव कधी उशिरा येत नाही म्हणून सगळीकडे त्याचं कौतुक होतं, आणि आजही तो एकाही दुकानाला पावाशिवाय ठेवणार नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. म्हणजे एक तास. फार तर सव्वा.

तिनं पेर्सिदाच्या दुकानात फोन लावला. वाजत राहिला. त्या दिवशी दुकान बंद होतं, पेर्सिदा बहिणीकडे कुलदेवतेच्या सणाला गेली होती. तिनं व्रबिकच्या पोलिसाला लावला. "बाई, पाववाला पाव घेऊन येतोय, आणि तुम्ही मला फोन करताय?" तिकडून उत्तर आलं. स्तामेंकानं फोन आपटला आणि यंत्रांच्या खोलीत जाऊन लाझारचा कोट खुंटीवरून ओढला.

"तुझी युगो गाडी चालू आहे का?"

"ढकलली की चालते. का गं, काय झालं?"

"ढकल मग."

बातम्यांची वेळ होती. लाझारनं एक लांब तबकडी लावली आणि निघाला. वाटेत त्यानं एकदाच विचारलं, "ओब्रादला काय सांगायचं?" ती म्हणाली, "खड्ड्यात गेला ओब्राद." मधल्या एका गावात त्यांना दुकानासमोर बेकरीची गाडी दिसली. रातोमिर पेट्या उतरवत होता आणि दुकानदाराशी हसत बोलत होता. लाझारनं मान खाली घातली आणि गाडी दामटली.

पेर्सिदाच्या दुकानाला मागं अंगण होतं, अंगणातून गल्लीत उघडणारं फाटक. लाझारनं गाडी तिथं लावली, इंजिन बंद केलं नाही, कारण परत चालू होईल याची खात्री नव्हती. स्तामेंका जिना चढली. अठ्ठावन्न वर्षांची बाई, दोन-दोन पायऱ्या. वर एकच दार होतं. तिनं ठोठावलं.

"यागोदा, पोरी, उघड. मी स्तामेंका. रेडिओवरची."

आत काहीतरी पडलं. मग जड लाकूड जमिनीवर घासल्याचा आवाज आला. कपाट दाराला लावलं जात होतं.

"अगं, मी तुला न्यायला आलेय. तो येतोय, वेळ नाही. उघड."

"नको," आतून आवाज आला. बारीक, लहान मुलीसारखा. "नको नको नको. मी येते घरी, सांगा त्याला, मी येते. त्याला वर येऊ देऊ नका."

स्तामेंका बोलत राहिली. तिनं शपथ घातली, विनवलं, रागावली. जितकी ती बोलली तितकं आत कपाट घट्ट होत गेलं. सोळा गावांची दारं ज्या आवाजाला उघडायची, त्या आवाजाला हे एक दार बंद होत होतं. आणि मग तिला समजलं. त्या पोरीला दारापलीकडे मदत उभी आहे असं वाटतच नव्हतं. दर रविवारी आधी हा आवाज यायचा, आणि आवाजाच्या मागून तो. आत्ताही तेच होतं. ती कपाटानं रातोमिरला नाही, स्तामेंकाला अडवत होती.

स्तामेंकानं दातांखाली ओठ धरला आणि गप्प बसली. पिशवीत रेडिओच्या कोऱ्या चिठ्ठ्या होत्या. तिनं गुडघ्यावर ठेवून लिहिलं: "तो वाटेत आहे. मागच्या फाटकाशी लाल गाडी. म्हातारा चालवतोय, चांगला माणूस आहे. मी चुकले. मी आता बोलणार नाही." दाराखालून आत सरकवली आणि पायरीवर जाऊन बसली.

किती वेळ गेला ते तिला सांगता आलं नसतं. लिपोवोच्या रेडिओवर ती एवढा वेळ कधी गप्प बसली नव्हती. खाली लाझारच्या गाडीची धडधड ऐकू येत होती. मग कपाट सरकलं. दार वीतभर उघडलं. एक पोरगी बाहेर आली, मोज्यांवरच, हातात कापडाची मोठी कात्री, टोक पुढं धरून. वय असेल पंचवीस. तिनं स्तामेंकाकडे बघितलं नाही. जिन्याच्या भिंतीला पाठ घासत, कात्री तिच्यावर रोखून ती शेजारून उतरली. स्तामेंकानं दोन्ही हात मांडीवर ठेवले होते, लहान मुलं हात दाखवतात तसे. श्वाससुद्धा तिनं आवाज न करता घेतला. खाली फाटक वाजलं, युगो खोकली आणि गेली.

पाच मिनिटांनी दुसरी गाडी आली. पुढच्या बाजूला.

रातोमिर जिना चढून आला. उघडं दार बघितलं, खोलीत डोकावला, कपाट बघितलं. मग तिच्याशेजारी पायरीवर बसला. त्याच्या डगल्याला ताज्या पावाचा वास होता. तिला वाटलं, आता हा मला या जिन्यावरून लोटेल, आणि तिला त्याचं फारसं काही वाटलं नाही.

"गेली का?" तो म्हणाला.

स्तामेंका बोलली नाही.

"हरकत नाही, मावशी," तो म्हणाला आणि तिच्या खांद्यावर थोपटलं. "कुणी ना कुणी कळवेलच. लोक फार चांगले आहेत आपल्याकडे."

तो उठला आणि गेला.

लाझारनं यागोदाला थेट बेलग्रेडच्या बसमध्ये बसवलं आणि पुढं कुठं ते विचारलं नाही. स्तामेंकानंही त्याला विचारलं नाही. मंगळवारी तिनं नोकरी सोडली. ओब्राद तिच्या घरी आला, रागावला, मग रडकुंडीला आला. तिनं घशाकडे बोट दाखवून मान हलवली. लोकांनी ठरवलं, घशाचा आजार आहे, बिचारीचा आवाज गेला. तिनं ते खोडून काढलं नाही.

आता एक कॉलेजात शिकलेली मुलगी रविवारी वाचते. चुणचुणीत आहे. 'विहीर' अजून पहिल्या तिनांत असतं. रातोमिर बुधवारी चिठ्ठी देतो आणि त्या मुलीला गरम पाव देतो, आणि खोऱ्यात अजून कुणी ना कुणी त्याच्यासाठी हळहळतं.

स्तामेंका बाजारात जाते. कोबीकडे बोट दाखवते, बोटांनीच भाव ठरवते. खिडकी उघडी असेल तर घरातही बोलत नाही. लाझार एकदा म्हणाला, "अगं, आता पुरे. ती शंभर मैल लांब असेल." तिनं पाटीवर खडूनं लिहिलं, "तुला काय माहीत?" यागोदा कुठं आहे हे तिला खरंच माहीत नव्हतं. बेलग्रेडमध्ये असेल, पुढच्या गल्लीत असेल. कुणाच्या भिंतीपलीकडे कोण बसलंय ते कळत नाही, आणि आपल्या आवाजानं पुन्हा कुणी शिवणयंत्राखाली जाऊन बसावं, हे तिला सहन झालं नसतं.